फलक नाही, तिकीट नाही आणि पाहण्यासारखे काही दिसतही नाही : अशा प्राचीन स्थळी कुटुंबाला न्यावे का?

आडवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही घरातले सहा जण शिरूर तालुक्यातील इनामगावला जाऊन आलो. घोड नदीच्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे, तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शाळेत वाचलेले हे नाव मनात कायम राहिले होते, त्यामुळे ही सहल मीच ठरवली होती आणि तिचे कौतुकही मीच आठवडाभर सर्वांना ऐकवले होते.

प्रत्यक्षात आम्ही शेतांच्या मधोमध एका उंचवट्यावर जाऊन उभे राहिलो. नदी, बांध, काटेरी झुडपे आणि ऊन याखेरीज तेथे काही नव्हते. बारा वर्षांची थोरली शहाण्यासारखी गप्प राहिली. सात वर्षांच्या धाकट्याने मात्र "आई, ते गाव कुठे आहे?" असे तीन वेळा विचारले. सासरे एका झाडाखाली बसले आणि म्हणाले, "एवढ्या लांब येऊन रानच पाहायचे होते, तर आपले काय वाईट होते?" यजमानांनी काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. त्या बाटलीतच सगळे आले.

तासाभरात आम्ही परत फिरलो. त्या तासात मला मात्र फार काही मिळाले होते आणि म्हणूनच हा प्रश्न पडला आहे. ज्या ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे, पण सावली, माहिती, स्वच्छतागृह यांपैकी काहीच नाही, तेथे मुलांना आणि ज्येष्ठांना नेणे हा आपल्या हौसेपायी केलेला त्यांचा छळ ठरतो का? की नेण्याची काही वेगळी रीत असते?

दोन_कप_चहा

सासऱ्यांचे वाक्य मी आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवले आणि आता आमच्या पुढच्या सहलीचे काय होणार ते मला कळून चुकले आहे.

पाथरवट

आडवाट ताई, चूक ठिकाणाची नाही, क्रमाची झाली असे माझे मत आहे. इनामगावला आधी पुण्यात भेटायचे असते आणि मग शिरूरला. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तेथील वस्तू पाहून गेले की उंचवट्यावर उभे राहिल्यावर डोळ्यांना धरायला काहीतरी असते.

उत्खनन झालेल्या जागी घरे दिसतील ही अपेक्षा बहुतेकांची असते. दगडी बांधकाम नसेल तर खोदलेले चर नोंदी झाल्यावर पुन्हा मातीने भरून टाकतात, कारण कुडाच्या भिंती आणि चोपलेल्या जमिनी उघड्या ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत वाहून जातात. इनामगावात शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले, तेही बहुतांश चोपलेली जमीन आणि खांबांचे खळगे याच स्वरूपात. ते पुन्हा मातीखाली आहेत म्हणूनच टिकून आहेत. धाकट्याला "गाव तुझ्या पायाखाली आहे" एवढे सांगितले असते तर कदाचित तो तासभर पाय उचलून चालला असता.

घोंगडी

मी शेतकरी घरातला आहे, म्हणून एक शब्द इथे ठेवतो. आमच्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, भिंती पडल्या, चुलीची राख आणि जनावरांचे शेण मातीत मिसळले की त्या मातीला फिकट राखी रंग येतो. ओसाड पडलेल्या जुन्या गावाच्या जागेला म्हणूनच पांढरीचे टेकाड म्हणतात. पुढच्या वेळी मुलांना फक्त एक काम द्या. शेताची माती आणि टेकाडाची माती दोन मुठींत घेऊन रंग पाहायला सांगा. फलकाची गरज उरणार नाही.

याच पांढरीच्या मातीने अशा अनेक जागांचा घात केला आहे, हेही सांगायला हवे. ती धाब्याच्या घरावर टाकायला चांगली आणि रानात टाकली तर पिकालाही चांगली, म्हणून गाड्याच्या गाड्या भरून नेली गेली. आमच्या आजोबांनीही नेली होती. त्यात पुरातत्त्व आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आडवाट

घोंगडी, तुम्ही लिहिलेले वाचून सासूबाई एकदम बोलत्या झाल्या. तेथेच त्या म्हणाल्या होत्या की ही आमच्या माहेरच्या पांढरीसारखी जागा आहे, आणि मी त्याकडे लक्षच दिले नव्हते. मी मोबाइलवर आराखडा उघडून घरांची लांबीरुंदी वाचून दाखवत होते.

हिशेबनीस

मी जरा वेगळे बोलतो, राग नसावा. विनामूल्य असणे हाच या ठिकाणांचा दोष आहे. माणशी वीसपंचवीस रुपये घ्या, त्यातून एक पहारेकरी, एक स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि दोन फलक होऊ द्या. आम्ही मागे एका लेण्यात गेलो होतो, तेथे विहाराच्या खोलीत कोणीतरी रात्री स्वयंपाक केला होता आणि छत काळे झाले होते. ज्याला दार नाही त्याला वाली नाही. आईला गुडघ्यांचा आणि मधुमेहाचा त्रास आहे. स्वच्छतागृह कुठे आहे हे कळल्याशिवाय ती गाडीतही बसत नाही, आणि तिचे काही चुकते असे मला वाटत नाही.

तळटीप

हिशेबनीस यांच्या आईंचा मुद्दा पूर्णपणे मान्य, तिकिटाचा नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे सुमारे ३,७०० संरक्षित स्मारके आहेत आणि त्यांपैकी तिकीट असलेली दीडशेच्या आत आहेत. उरलेल्या ठिकाणी तिकीट लावले तर बहुतेक जागी तिकीट देणाऱ्याचा पगारही निघणार नाही. शिवाय तिकिटाबरोबर फरसबंदी, कठडे, दिवे आणि वाहनतळ हे सारे येते, आणि मातीच्या वसाहतीवर फरसबंदीसाठी खोदणे म्हणजे जे दाखवायचे तेच उकरून काढणे. १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहेत. त्यामुळे स्वच्छतागृह हवेच, पण ते गावात, ग्रामपंचायतीजवळ असावे. त्याचा उपयोग गावालाही होईल.

हिशेबनीस

गावात असावे, हे मान्य. पण ते कुलूपबंद नसावे, ही माझी दुरुस्ती त्या कायद्यात जोडून घ्यावी.

कोकणकडा

आमच्याकडील कातळशिल्पांचा, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या प्राचीन आकृत्यांचा अनुभव सांगतो, कारण तेथेही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, उन्हाखेरीज काही नसते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील आठ स्थळे आणि गोव्यातील फणसायमाळ मिळून नऊ जागा २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांतील उक्षी येथे ग्रामस्थांनी पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती जांभ्या दगडाचे कुंपण घातले. कशेळीच्या हत्तीची लांबी सुमारे १८ मीटर आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. जमिनीवरून तो हत्ती एकदम दिसतच नाही. आमची पुतणी आधी फक्त एक मासा पाहत होती, मग रेषेवरून बोट फिरवत फिरवत पाऊण तासाने ती ओरडली की हे सगळे एकाच्या आत आहेत. मी काही शिकवले नव्हते, मला स्वतःलाच तोपर्यंत सोंड सापडली नव्हती.

देवाचे गोठणे येथे मुलांना नेणार असाल तर साधे होकायंत्र खिशात ठेवा. तेथील मानवाकृतीजवळ सुई चुकीची दिशा दाखवते. जांभ्या दगडातील चुंबकीय गुणधर्मांमुळे हे घडते. मुले तो खेळ थांबवायला तयार होत नाहीत.

सूचना दोन. सड्यावर सकाळी नऊच्या आत पोहोचावे आणि आकृतीवर पाय ठेवू नये. जांभा कठीण दिसतो, तितका तो नसतो.

गावाकडची_गोष्ट

मी या धाग्यावर थोडी नाराजी नोंदवते. इनामगावात लहान मुलांची दफने घराच्या जमिनीखाली सापडली आहेत, हे मुलांना सांगायचे की नाही याविषयी कोणीच लिहिलेले नाही. माझ्या मुलीला शाळेत हे कळले तेव्हा ती आठवडाभर स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय ठेवत नव्हती. सहल म्हटली की सर्व काही मजेत सांगायचे, हा उत्साह मला पटत नाही.

पाथरवट

प्रश्न रास्त आहे. दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांत बाळ, अशी ती दफने आहेत. मोठ्या माणसांना जमिनीत खड्डा करून ठेवत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

माझ्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मी पायांची गोष्ट गाळली आणि बाळाची सांगितली. "त्यांना ते बाळ घरातच हवे होते," एवढेच म्हणालो. त्याने विचारले की मग त्या आईला वर झोपताना कसे वाटत असेल. मला उत्तर देता आले नाही, आणि मी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही.

गावाकडची_गोष्ट

तुम्ही सांगितले तसे सांगता आले असते. आमच्याकडे ती गोष्ट भुताच्या गोष्टीसारखी पोहोचली.

तळटीप

चौपायी रांजणाचा उल्लेख राहून जाऊ नये. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, माणसाच्या पोटासारखा फुगीर रांजण मिळाला आणि त्यात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा बसलेला सांगाडा होता. त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते. तो वस्तीचा प्रमुख असावा असा तर्क आहे. एकाच गावात पाय राखलेला माणूस कोण आणि का, हे कोडे मुलांपुढे टाकून पाहावे.

जुने_नाणे

इनामगावातून जरा बाहेर येतो. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर जुन्नरजवळील नाणेघाट हा माझ्या मते उत्तम पर्याय आहे. घाटघरच्या बाजूने वाहन जवळपर्यंत जाते, त्यामुळे चढ जवळजवळ नाही. गुहेतील ब्राह्मी लेख सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जातो. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांची मोजदाद आहे, म्हणून त्यात अंक येतात. हे भारतातील अतिशय जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत आणि त्यांतले काही आजच्या अंकांच्या जवळ जाणारे आहेत. घरून ब्राह्मी अंकांचा तक्ता छापून न्यावा आणि मुलांना अंक शोधायला लावावेत. लेखाच्या भिंतीला हात लावू देऊ नये.

तेथे राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. ते गेले, काही पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे राहिली. वडिलांना तेच सर्वांत आवडले. "नावे ठेवणारे टिकतात," असे ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर घाट उतरेपर्यंत हसत होते.

पावसाळ्यातील सुटीचे दिवस टाळावेत. त्या गर्दीत इतिहास तर सोडाच, स्वतःचे नातेवाईकही सापडत नाहीत.

पाथरवट

बेडसे लेण्यांचेही नाव घेतो, पण तेथे सुमारे चारशे पायऱ्या आहेत हे आधी सांगून. चैत्याच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, पुढचा खडक पुरता न काढल्यामुळे आत शिरायला चिंचोळी वाट आहे आणि तिच्यातून बाहेर पडताच समोर ते प्रचंड स्तंभ एकदम उभे राहतात. लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळीच जावे. व्हरांड्यातील एका दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकचा माणूस मावळात देणगी देतो, हे ऐकून आमचे नाशिकचे व्याही फार सुखावले आणि परतीच्या जेवणाचे पैसे त्यांनीच दिले.

संत्र्याची_फोड

नागपूरकरांकडे जुनापाणी आहे. महापाषाणयुगीन शिळावर्तुळे, म्हणजे दफनांभोवती गोलाकार मांडलेले मोठे दगड, एकदोन नव्हेत, सुमारे तीनशे. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांतील काहींबद्दलचे काम प्रसिद्ध केले होते. काही शिळांवर वाटीएवढे खळगे ओळीने कोरलेले आहेत. आम्ही मुलांना खळग्यांच्या शिळा मोजायला लावल्या, तर दोघांचे आकडे जुळले नाहीत आणि भांडण लागले. मोजणी पुन्हा करावी लागली. त्यामुळे आमचा मुक्काम अपेक्षेपेक्षा दीड तास लांबला.

आडवाट

सर्वांचे आभार. सल्ला ऐकून आम्ही गेल्या रविवारचे नियोजन उलटे केले आणि आधी संग्रहालयात गेलो. तो चौपायी रांजण पाहिल्यावर धाकट्याने आपले पाय तपासून पाहिले.

मला सांगायचे आहे ते सासूबाईंविषयी. धान्य साठवण्याच्या व्यवस्थेची माहिती वाचताना जमिनीतील लिंपलेले खड्डे आणि वर गोल ओटे असा उल्लेख आला. मी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "अगं, हे पेव आणि ही कणगीची बैठक." मग माहेरी पेव कसे उघडत, उघडल्याबरोबर आत उतरू का द्यायचे नाही, कोंडलेल्या हवेने माणूस कसा गुदमरतो, आधी दिवा खाली सोडून तो विझतो का हे कसे पाहत, असे त्या वीस मिनिटे बोलत होत्या. थोरलीने ते वहीत लिहून घेतले. लग्नाला पंधरा वर्षे झाली, पण त्यांनी पेव पाहिले आहे हे मला ठाऊकच नव्हते.

इनामगावात बार्लीचे पीक मुख्य होते आणि पाटाने पाणी खेळवल्याच्या खुणा आहेत, हे वाचून सासरेही थांबले. पुढे पाऊसमान बिघडले, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी वस्ती उठली, हा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मात्र त्यांचे मूळ मत कायम आहे. शेत ते शेतच, असे ते अजूनही म्हणतात.

घोंगडी

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी शेताच्या मालकाला आधी विचारून जा. बहुतेक टेकाडे कोणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात आणि उभ्या पिकातून सहा जण चालत गेले तर त्याचे नुकसान होते. विचारले की तोच चहा पाजतो, वर नांगराला काय काय लागले तेही सांगतो.

दोन_कप_चहा

एक शंका आहे. नांगराला लागलेल्या किंवा नुसत्या पडलेल्या खापऱ्या उचलून आणल्या तर चालते का? इतक्या पडलेल्या असतात की एखादी आणली तर काय बिघडले?

तळटीप

आणू नयेत. वर पडलेल्या खापऱ्यांवरूनच वस्ती किती पसरली होती आणि कोणत्या काळची होती याचा पहिला अंदाज बांधतात. जोर्वे संस्कृतीची, म्हणजे इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांची, पातळ, लाल, काळ्या नक्षीची, टिचकी मारल्यावर खणखणणारी खापरी ज्या बांधाजवळ मिळते, तो बांधही माहितीचा भाग असतो. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका स्थानिक माणसाला झुडपाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी काशाची चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. ती उत्खननाच्या थरातून आलेली नसल्याने त्यांच्या काळाविषयी आजही वाद होतो. साठ किलोंच्या वस्तूंची ही गत, मग खापरीचे काय सांगावे!

कायद्याचेही पाहावे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. रक्कम तेव्हापासून वाढवलेली नाही.

हिशेबनीस

दहा रुपये! म्हणजे माझ्या तिकिटापेक्षाही स्वस्त.

आडवाट

तळटीप, आता कबुली द्यावी लागणार. थोरलीला नक्षीची एक खापरी दिसली होती आणि ती मी तिला होती तिथेच ठेवायला लावली, म्हणून मी स्वतःवर खूश होते. काल धाकट्याची पँट धुण्याच्या यंत्रातून निघाली, तेव्हा खिशात बोटभर लाल तुकडा सापडला. तो परत नेऊन ठेवायचा असे घरात ठरले आहे. म्हणजे पुन्हा इनामगावला जाणे आले.

तळटीप

त्यामुळे तरी जाणे होईल. मात्र कुठेही टाकून येऊ नका. चुकीच्या जागी ठेवलेली खापरी न ठेवलेल्या खापरीपेक्षा जास्त फसवते. ती नेमकी कुठे उचलली हे धाकट्याला आठवते का?

आडवाट

तो म्हणतो, आजोबा बसले होते त्या बाभळीखाली. आजोबा म्हणतात, ते बाभळीखाली बसलेच नव्हते, लिंबाखाली बसले होते.